शिक्षा सुनावण्याआधी घर पाहून या

श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी 1993 मध्ये आरडीएक्स उतरलं आणि आमच्या किनारपट्टीचं नाव नको त्या कारणाने देशभर झालं. मुंबई बॉम्बस्फोटांच्या त्याच खटल्यात शस्त्र कायद्याखाली दोषी ठरलेल्या संजय दत्तने ‘मला परिवीक्षेवर सोडा’ अशी विनंती केली होती. विशेष टाडा न्यायालयाने ती 2007 साली फेटाळली, सर्वोच्च न्यायालयानेही 2013 साली मान्य केली नाही. ‘प्रोबेशन’ हे नाव आमच्याकडच्या अनेकांच्या कानावर पहिल्यांदा पडलं ते तेव्हा. पुढे त्याच नटाच्या पॅरोल-फर्लोच्या बातम्या येत राहिल्या आणि लोकांचा समज पक्का झाला, की ही सगळी मोठ्या माणसांसाठी मोठ्या वकिलांनी शोधलेली पळवाट आहे.

माझी सगळी नोकरी परिवीक्षा अधिकारी म्हणून गेली. रेवदंड्यापासून हरिहरेश्वरापर्यंत मी आरोपींची घरं पाहिली; कधी एसटीने, कधी आगरदांडा-दिघीच्या जंगलजेट्टीने, कधी पोलीस पाटलाच्या मोटरसायकलवर मागे बसून. त्या घरांत नट कधी भेटला नाही. भेटले ते खलाशी, वीटभट्टीवरचे मजूर, बागेतले नारळ उतरवून विकणारी पोरं, बांधाच्या भांडणात भावाच्या डोक्यात फाळका घातलेला शेतकरी. परिवीक्षा कायद्याने दिली आहे ती या माणसांसाठी, आणि नेमकी यांनाच ती मिळत नाही. कायद्यात खोट आहे म्हणून नव्हे. शिक्षा सुनावण्याआधी त्यांचं घर पाहून यायला सरकारने माणूस ठेवलेला नाही म्हणून.

कायदा तसा जुना आहे. मुंबई प्रांताने 1938 मध्येच स्वतःचा परिवीक्षा कायदा केला होता. देशाचा अपराधी परिवीक्षा अधिनियम 1958 चा. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल असा गुन्हा नसेल, तर दोष सिद्ध झाल्यावरही न्यायाधीश लगेच शिक्षा न सुनावता माणसाला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतात, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. त्यासोबत परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावू शकतात. किरकोळ चोरीसारखा पहिलाच गुन्हा असेल तर नुसती समज देऊनही सोडता येतं. बंधपत्र मोडलं तर मूळ गुन्ह्याची शिक्षा डोक्यावर उभीच असते. एकवीस वर्षांच्या आतल्या मुलाला तुरुंगात धाडायचं असेल, तर आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावाच लागतो. आणि परिवीक्षा देता येण्यासारखी असूनही दिली नाही, तर त्याची खास कारणं निकालपत्रात लिहावी लागतात. ही अट पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 361 मध्ये होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 402 मध्ये आहे. म्हणजे परिवीक्षेचा विचार करणं ही न्यायाधीशाची मेहेरबानी नाही, ते त्याचं काम आहे.

न्यायाधीशाला हे काम करायचं तर त्याच्यापुढे काय असतं? दोषारोपपत्र, पंचनामा, साक्षी आणि पिंजऱ्यात मान खाली घालून उभा असलेला एक माणूस. त्या माणसाच्या घरी कोण आहे, कमावतं कोण, दारू किती, कर्ज कुणाचं, गुन्ह्याआधी तो कसा वागत होता आणि आपण सोडला तर उद्या सकाळी कुठे जाईल, यातलं काहीही त्या कागदांत नसतं. ते आणून द्यायचं काम परिवीक्षा अधिकाऱ्याचं.

एक उदाहरण देते. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, गावंच्या गावं उघडी पडली, पत्रे मिळेनासे झाले आणि मिळाले तर परवडेनासे. मुरूडकडच्या एका गावातल्या एकोणीस वर्षांच्या मुलाने मुंबईकराच्या बंद बंगल्याच्या आवारात रचून ठेवलेले पत्रे रात्री उचलले. रखवालदाराने पकडला. चोरीचा गुन्हा दाखल झाला, पत्रे मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या मागे जाऊन पडले आणि गंजले. निकाल लागेपर्यंत मुलाने एकविशी ओलांडली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्येच रामजी मिसर खटल्यात सांगून ठेवलं आहे, की वय धरायचं ते दोषी ठरवण्याच्या दिवशीचं, गुन्ह्याच्या दिवशीचं नव्हे. त्यामुळे तरुणांसाठीचं जे खास संरक्षण, ते या मुलाच्या हातून तारखांमध्येच निसटलं. आपल्याकडे खटल्यांना लागणारा वेळ लक्षात घेतला तर असं किती जणांचं होत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

न्यायाधीशांनी तरीही अहवाल मागवला. मी घरी गेले. बाप खलाशी होता, तो समुद्रावर वारलेला. आजी, आई आणि धाकटी बहीण. वादळानंतर अर्ध्या घरावर ताडपत्री होती, ती तेव्हाही तशीच. मुलगा डोलीच्या बोटीवर जात होता. त्याच्या नाखव्याशी बोलले. त्याने पोराच्या आळसाबद्दल भरपूर तक्रारी केल्या, पण ‘हिशोबात कधी गडबड नाय केली’ असंही सांगितलं. आई म्हणाली, “जेलात नको धाडू गो बाय. पण त्याला जरा सांग. माझा ऐकत नाय.” मी अहवालात हे सगळं लिहिलं, आळसासकट. एक वर्षाची देखरेख आणि पत्र्यांची भरपाई, असा आदेश झाला. गुन्हा सोसलेल्याला भरपाई देववण्याची सोय याच कायद्याच्या कलम 5 मध्ये आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

पुढचा प्रश्न हजेरीचा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ये, असं सांगणं कार्यालयाला सोयीचं. पण डोलीची मासेमारी उधाणावर चालते. पहिला सोमवार ऐन उधाणात आला तर पोरगा एकतर धंदा बुडवणार किंवा हजेरी. हजेरी चुकली की अटीचा भंग, भंगाचा अहवाल, मग पुन्हा कोर्ट. म्हणून त्याची हजेरी आम्ही अष्टमीच्या भांगावर ठेवली, जेव्हा बोटी तशाही बंदराला लागलेल्या असतात. देखरेखीचं वर्ष त्याने एकही हजेरी न चुकवता पार पाडलं. त्याचं आयुष्य बदललं वगैरे मी म्हणणार नाही. तो पुन्हा कुठल्या गुन्ह्यात आला नाही, इतकंच मला माहीत आहे, आणि कायद्याला तितकंच हवं होतं.

आता कोणी म्हणेल, यात काय मोठं? गावात जायचं, चार लोकांना विचारायचं, लिहायचं. तर रायगडात ‘चार लोकांना विचारणं’ ही सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे. वाळीत टाकण्याच्या प्रकरणांनी या जिल्ह्याचं नाव राज्यभर गाजलं. त्या प्रकरणांमुळे आणि जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. विधिमंडळाने तो 2016 मध्ये मंजूर केला आणि 2017 पासून तो अमलात आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. पण कायदा झाल्याने गावकीचा धाक संपत नाही. एखाद्या कुटुंबाशी बोलणं बंद असेल, त्यांच्या लग्नाला कोणी जात नसेल, पाणवठ्यावर त्यांची बाई एकटी उभी राहत असेल, तर त्या घरातल्या मुलाबद्दल गावाला विचारलं की उत्तर ठरलेलं: “तो कायमचा भांडकुदळ.” असं उत्तर चार तोंडांतून सारख्याच शब्दांत आलं की मला शंका यायची. मग मी अंगणवाडी सेविकेला गाठायचे, आशाताईला, एसटीच्या थांब्यावरच्या टपरीवाल्याला, शेजारच्या गावातल्या मुकादमाला. कधीकधी कळायचं, की ज्या मारामारीचा खटला चालू आहे तिचं मूळच बहिष्कारात आहे.

हे काम कारकुनाने फोनवरून करण्याचं नाही. पोलीस पाटलाकडून दोन ओळींचा दाखला मागवूनही भागत नाही. गावातले अनेक पोलीस पाटील सज्जन असतात, पण ते त्याच गावात राहतात, त्याच गावकीत त्यांनाही लग्नकार्य करायचं असतं. बाहेरून आलेला, कोर्टाला उत्तरदायी असलेला अधिकारी म्हणूनच लागतो.

दुसरी अडचण कायद्यातच लिहिलेली आहे आणि तिचा फटका बसतो तो सर्वांत गरिबाला. बंधपत्रावर सोडण्याआधी आरोपीला किंवा त्याच्या जामीनदाराला ठरावीक राहण्याची जागा किंवा कोर्टाच्या हद्दीत नियमित व्यवसाय आहे, याची न्यायाधीशाने खात्री करून घ्यायची असते. अट वाजवी दिसते. आता ती कातकरी माणसाला लावून पाहा. वाडी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच, पण जमीन कुणाच्या तरी खासगी नावावर. सातबारा नाही, कधी घरपट्टीही नाही. दिवाळी झाली की कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातं, पावसाच्या तोंडावर परततं. मधल्या काळात समन्स आलं तर घराला कुलूपही नसतं, कारण घरात ठेवण्यासारखं काही नसतं. तारीख चुकते, वॉरंट निघतं, माणूस भट्टीवरून उचलला जातो आणि ‘फरार होता’ असा शेरा कागदावर येतो. असा शेरा असलेल्याला परिवीक्षा कोण देणार?

खरं तर तो कुठे आहे हे वाडीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. कुठल्या मुकादमाने किती उचल दिली, कुठल्या भट्टीवर नेलं, कधी परतणार, सगळं. अधिकारी वाडीवर गेला तर अर्ध्या तासात ‘ठरावीक जागा’ त्याच्या वहीत येते. कायद्यात जागा ठरावीक हवी असं म्हटलं आहे, सातबारा हवा असं कुठेही म्हटलेलं नाही. कातकरी ही महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक जमात म्हणून सरकारदरबारी नोंदलेली आहे. तिच्या माणसांना याच सरकारचा कायदा कागदाअभावी नाकारला जात असेल, तर ती नोंद कशासाठी?

अहवाल मागवायला माणूस नाही, मागवला तर महिनोन्‌महिने येत नाही. मग कोर्टात काय होतं? वकील आरोपीच्या कानात सांगतो, “कबूल कर आणि मोकळा हो.” कोर्ट उठेपर्यंत कैद आणि वर काही दंड. माणूस दिवसभर कोर्टाच्या बाकावर बसतो, संध्याकाळी दंडाची पावती घेऊन वडापाव खाऊन घरी जातो. त्याला वाटतं, सुटलो. वकिलाला वाटतं, सोडवलं. न्यायाधीशांच्या यादीतला एक खटला कमी होतो. सगळे खूश.

फसवणूक इथे आहे. कोर्ट उठेपर्यंतची का होईना, ती शिक्षा आहे आणि दोषसिद्धी कायमची आहे. उलट परिवीक्षा कायद्याच्या कलम 12 नुसार बंधपत्रावर किंवा समज देऊन सुटलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या पोरांना नोकऱ्या कुठे असतात? पोलीस भरतीत, थळच्या आरसीएफ खत कारखान्यात कंत्राटदाराकडे, उरणच्या बंदरात, जहाजावर, आखातात. प्रत्येक ठिकाणी चारित्र्य पडताळणी. खटला नुसता चालू असला तरी पासपोर्टसाठी कोर्टाची परवानगी आणावी लागते. त्या एका संध्याकाळी वाचवलेला वेळ मुलाला पुढे अनेक वर्षं महागात पडतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण अर्धवट माहितीने नुकसान होतं. कलम 12 ने दोषसिद्धी पुसली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये बक्षी राम प्रकरणात सांगितलं आहे, की नोकरीतल्या माणसाच्या मूळ वर्तनाबद्दल खातं कारवाई करू शकतं. पडताळणीच्या अर्जात खटल्याची माहिती लपवली तर नोकरी जाऊ शकते, ती वेगळीच. म्हणून लपवू नका, लिहा. पण कोर्टात असतानाच परिवीक्षा मागा.

माणूस का नाही, याचं उत्तर कोणा एका अधिकाऱ्याच्या आळसात नाही. महाराष्ट्रात हे काम महिला व बालविकास विभागाकडे आहे. ज्या खुर्चीवर प्रौढ आरोपींच्या गृहचौकशीचा भार, तिच्याच आसपास बालन्याय मंडळाचे सामाजिक तपासणी अहवाल, बालगृहं, बालविवाह रोखणं, योजनांची शिबिरं, आणि निवडणूक आली की निवडणुकीचं काम. यातलं एकही काम फालतू नाही. पण बालविवाह आज दुपारी थांबवायचा असतो आणि आरोपीचा अहवाल पुढच्या तारखेला चालतो, म्हणून दरवेळी मागे पडतो तो अहवालच. शिवाय आमच्या जिल्ह्याचा आकार पाहा. कार्यालय अलिबागला आणि घर श्रीवर्धनच्या पुढे एखाद्या पाड्यावर. खाड्या ओलांडत जायला-यायला अख्खा दिवस. प्रवासभत्त्याचं बिल मंजूर होईपर्यंत आरोपीची देखरेखही संपते.

असं सगळं असताना 1 जुलै 2024 पासून नव्या कायद्याने आणखी एक काम पुढे आणलं आहे, ते म्हणजे सामुदायिक सेवा. भारतीय न्याय संहितेत ही शिक्षा म्हणून पहिल्यांदाच आली. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिली चोरी आणि वस्तू किंवा किंमत परत केलेली, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा, बदनामी, अशा मोजक्या गुन्ह्यांसाठी. मला ही तरतूद मनापासून पटते. पण सेवा म्हणजे समाजाच्या उपयोगाचं, बिनमोबदल्याचं काम, याच्या पुढे नागरिक सुरक्षा संहितेतली व्याख्या जात नाही. नेमकं कुठे, किती तास, कोणाच्या नजरेखाली, हजेरी कोण ठेवणार आणि पूर्ण झाल्याचं कोर्टाला कोण कळवणार, यातलं काही तिच्यात नाही. नियमांनी ते भरून काढता येईल, पण नियमही शेवटी एका माणसाच्या नावावरच काम टाकतात. तो माणूस नसेल तर दोनच शक्यता. एक, आदेश कागदावर राहील. दोन, पोलीस त्या माणसाला वरसोलीच्या किनाऱ्यावर झाडू देतील, मोबाइलवर फोटो काढतील आणि तो संध्याकाळपर्यंत तालुक्याच्या प्रत्येक ग्रुपवर फिरेल. पहिल्या प्रकारात शिक्षा होत नाही, दुसऱ्यात कायद्याने न सांगितलेली शिक्षा होते.

तुरुंगातून मिळणाऱ्या रजेचंही तेच. महाराष्ट्रात शिक्षाबंद्यांना संचित रजा म्हणजे फर्लो आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोल, या दोन्हींचे नियम 1959 चे आहेत. फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत. पहिली वागणूक चांगली ठेवल्यावर घराशी नाळ टिकावी म्हणून, दुसरी घरात मृत्यू, आजार, लग्न अशी निकड असेल म्हणून. मंजुरी मात्र गावाकडच्या पोलीस अहवालावर आणि जामीनदारावर अडते. ‘बंदी गावात आल्यास कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता’ हे छापील वाक्य मी इतक्या अहवालांत वाचलं, की ते पाठ झालं. शक्यता खरी असेलही. पण खुनाच्या प्रकरणात ती पडताळायला मृताच्या घरी कोण गेलं होतं? ज्या कुटुंबाने माणूस गमावला, त्यांना विश्वासात घेऊन, ‘तो दोन आठवडे येतोय, तुमच्या आळीत येणार नाही, आला तर या नंबरवर कळवा’ असं सांगायला कोण गेलं? कोणी गेलं नाही, म्हणून सरसकट नकार सोपा. आणि बंदी शेवटी शिक्षा संपवून येतोच, तेव्हा ना गाव तयार असतं ना तो.

बंद्यांवर विश्वास टाकण्याची परंपरा आपल्याकडे नाही असंही नाही. औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, जिथे शिक्षा झालेली माणसं कुंपणाशिवाय, शेती करत, बायकापोरांसह राहिली. गदिमांची कथा घेऊन व्ही. शांताराम यांनी 1957 साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, त्यामागे हाच प्रयोग होता. चित्रपट आपण डोक्यावर घेतला, प्रयोगाचा विस्तार मात्र बेताचाच केला. अलिबागला हिराकोटात आजही जिल्हा कारागृह आहे. आंग्र्यांच्या काळातल्या त्या काळ्या भिंतींत आजच्या पोरांना कोंबण्यापेक्षा निम्म्यांना घरी ठेवून त्यांच्यावर नजर ठेवणं जास्त शहाणपणाचं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. देशातल्या तुरुंगांत सुमारे तीन चतुर्थांश माणसं अजून खटला चालू असलेली आहेत. ज्यांचा गुन्हा सिद्ध झाला आहे पण ज्यांना आत ठेवण्याची गरज नाही, अशांसाठी तिथे जागा अडवणं हा पैशाचाही अपव्यय आहे.

आता आक्षेपांकडे वळते. पुण्यात मे 2024 मध्ये कल्याणीनगरच्या अपघातानंतर अल्पवयीन आरोपीला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून काही तासांत जामीन मिळाला आणि महाराष्ट्र संतापला. तो संताप रास्त होता. दोन जीव गेले होते. ती परिवीक्षा नव्हती, जामिनाची अट होती; पण ‘सुधारणा’ म्हटलं की लोकांना आता तोच निबंध आठवतो. माझं म्हणणं असं, की त्या घटनेतून सुधारणेचा मार्गच चुकीचा ठरत नाही. पुरेशी चौकशी न करता, जखमा ओल्या असताना, घाईने दिलेली सवलत चुकीची ठरते. शांतपणे, घर पाहून, पीडितांशी बोलून लिहिलेला अहवाल नेमका याच घाईवरचा उपाय आहे.

परिवीक्षा सगळ्यांना द्यावी असंही मी म्हणत नाही. कायद्यानेच सीमा आखल्या आहेत. अंमली पदार्थांच्या कायद्यातल्या बहुतेक गुन्ह्यांत आणि ॲट्रॉसिटीच्या कायद्यात अठरा वर्षांवरच्यांना ती मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. बेदरकार वाहन चालवून जीव घेणाऱ्यांना परिवीक्षेची सवलत नको, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली दलबीर सिंग खटल्यात बजावलं. वडखळ-अलिबाग रस्त्यावर शनिवार-रविवारी गाड्या कशा हाकल्या जातात हे पाहणाऱ्या कोणालाही त्यामागचं कारण सांगायला नको. घरात बायकोला मारणाऱ्याला ‘पहिलाच गुन्हा’ म्हणून घरीच परत पाठवताना मी स्वतः अहवालात विरोध नोंदवला आहे. तिच्यासाठी तो पहिला नव्हता, पहिल्यांदा नोंदलेला होता. ‘शिफारस नाही’ असं लिहिणं हाही अहवालच असतो. घर पाहून आलेला अधिकारी सोडा म्हणतो तसंच सोडू नका असंही म्हणतो, आणि दोन्ही वेळा न्यायाधीशाच्या हाती काहीतरी ठोस असतं.

काही गोष्टी जुन्या झाल्या आहेत, त्या बदलायला हव्यात. बंधपत्राची अट पहिल्यांदा मोडली तर कोर्ट पन्नास रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवू शकतं. हे पन्नास रुपये 1958 पासून तसेच आहेत. बदलताना एक चूक मात्र टाळावी. ब्रिटनने 2014 मध्ये कमी आणि मध्यम धोक्याच्या गुन्हेगारांची देखरेख खासगी कंपन्यांकडे सोपवली आणि 2021 मध्ये ती पुन्हा सरकारकडे घेतली. तेव्हा बाहेरच्या संस्थेला कंत्राट देऊन मोकळं होण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर तो आताच सोडलेला बरा.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यातल्या कोर्टांसाठी एक स्वतंत्र परिवीक्षा अधिकारी द्या, ज्याच्याकडे दुसरं कुठलंही काम नसेल आणि ज्याला फिरण्याचा खर्च वेळेवर मिळेल. उरण-पनवेलकडच्या गर्दीच्या कोर्टांसाठी वेगळा. दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेच्या सुनावणीसाठी तीन आठवड्यांची तारीख द्या आणि तेवढ्यात अहवाल यायलाच हवा असा दंडक करा. अहवालात गुन्हा सोसलेल्याचं म्हणणं आणि भरपाईचा आकडा सक्तीने असू द्या. हजेरीच्या तारखा माणसाच्या धंद्याप्रमाणे ठरवा. खलाशाला भांगावर, भट्टीवाल्याला भट्टीजवळच्या तालुक्यात. आणि दरवर्षी जिल्ह्यात किती जणांना परिवीक्षा दिली, किती जणांनी ती मोडली, हे जाहीर करा. आकडे वाईट निघाले तर मला खोटी ठरवा. आज आकडेच समोर नाहीत, म्हणून पळवाटीची कथा चालते.

या मागण्या पूर्ण व्हायला वेळ लागेल. एक गोष्ट मात्र उद्यापासून करता येईल आणि तिला सरकारी आदेश लागत नाही. वकील परवडत नसेल तर अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका कोर्टातल्या समितीकडे अर्ज करा. गरिबांना, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना तिथे मोफत वकील मिळतो. आणि तुमच्या घरातल्या, शेजारातल्या एखाद्या पोराला पहिल्याच किरकोळ गुन्ह्यात ‘कबूल कर आणि मोकळा हो’ असा सल्ला मिळत असेल, तर त्याने कबूल म्हणण्याआधी वकिलाला एवढंच विचारा: प्रोबेशनचा अर्ज तयार आहे का?